कासव किती वेळा मारायचं?

बंद पडलेला एक जुना ऑनलाइन गेम परत उभा करायचा आमचा प्रकल्प एका कासवावर अडला.

कासव अर्थातच गेममधलं. किनाऱ्याच्या नकाशावर फिरणारं, पाठीवर शेवाळ चढलेलं, आपण होऊन कुणाच्या वाटेला न जाणारं. मारलं की दोन-चार नाणी आणि चिखलाचा एक निरुपयोगी गोळा मिळायचा. आणि कधीतरी, अगदी क्वचित, हिरवं कवच. त्या कवचाची ढाल व्हायची आणि ती ढाल असलेला माणूस गावात जरा छाती पुढे काढून फिरायचा. प्रश्न एवढाच होता की हे ‘कधीतरी’ म्हणजे नक्की किती? शंभरात एकदा की पाचशेत एकदा? चाळिशीला टेकलेली, घराचे हप्ते भरणारी चार माणसं या प्रश्नावर एका रविवारी सकाळी, मिसळ समोर असताना, भांडली. त्यानंतर आमच्या ग्रुपवर गणपती-दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे कुणी काही टाकलेलं नाही.

गेमचं नाव मी लिहिणार नाही. तो बंद पडला तरी त्याचे हक्क कुणाच्या तरी कपाटात असणारच, आणि आम्ही जे करत होतो त्याला कायद्याच्या भाषेत काय म्हणतात याची आम्हाला पुरेशी कल्पना होती. कोरियन होता. दोन हजारच्या दशकात असे बरेच गेम इकडे आले, सायबर कॅफेंच्या काचांवर पोस्टरं लागली, स्क्रॅच कार्डं विकली गेली आणि काही वर्षांत सगळं गुंडाळलं गेलं. त्यातल्या रॅग्नारॉकचं नाव निदान लोकांच्या लक्षात तरी आहे. आमच्याचं तेवढंही नाही.

आमचा कॅफे ठाण्याच्या नौपाड्यात होता, गोखले रोडच्या मागच्या एका गल्लीत. खाली पिठाची गिरणी, वर दोन खोल्यांत चौदा कॉम्प्युटर. गिरणी चालू असली की कीबोर्डवर पिठाचा थर बसायचा आणि कुणी भाजणी दळायला आणली की आम्ही राक्षस मारत असताना खालून खमंग वास यायचा. तासाला वीस रुपये. कॅफे चालवणारे काका वेळ वहीत लिहायचे, तीही भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. ते घड्याळ सुरुवातीला पाच मिनिटं मागे आणि उठायच्या वेळी पाच मिनिटं पुढे कसं असायचं, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर आमच्या मोहिमा ठरायच्या. यूपीएस सात मिनिटं टिकायचा, म्हणून लाइट गेली की सात मिनिटांत जंगलातून गावात परतायचं, हा नियम. आज कुणी मला आयुष्यातली सर्वात शिस्तबद्ध सांघिक कामगिरी विचारली तर मी ती सात मिनिटं सांगेन.

गेममधली आमची नावं भयंकर होती. सगळी ‘डार्क’ने सुरू होणारी. कॅफेत मात्र माणूस त्याच्या स्टेशनाने ओळखला जायचा. कळवेकर खाडीवरचा पूल ओलांडून चालत यायचा, कारण रिक्षाच्या पैशांत पंधरा-वीस मिनिटं जास्त खेळता यायचं. ऐरोलीकर लोकलने यायचा. ठाणे-वाशी रेल्वे तेव्हा नवी कोरी होती. मुलुंडकराकडे घरी ब्रॉडबँड होतं, तरी तो यायचा. घरी खेळण्यात मजा नाही म्हणायचा. आणि मी नौपाड्यातला, म्हणजे मला काही नावच नव्हतं. मी ‘इथला’.

तर २०२० साल. सगळे घरात कोंडलेले. मुलुंडकराला माळ्यावरच्या खोक्यात गेमची सीडी सापडली, तिचा फोटो त्याने टाकला, आणि त्या रात्री चौघं पहाटे तीनपर्यंत फोनवर होतो. ग्रुपला नाव दिलं ‘काका, अजून एक तास’.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ऑनलाइन गेमचे दोन भाग असतात. सीडीवर मिळतो तो क्लायंट. त्यात चित्रं, नकाशे, आवाज, वस्तूंची नावं. दुसरा सर्व्हर, जो कंपनीकडे असतो आणि कधीच बाहेर येत नाही. कोणता राक्षस किती घाव सोसतो, तो कुठे उगवतो, कुणाशी बोलल्यावर कुठलं दार उघडतं, कासवाकडून कवच किती वेळा मिळतं, हे सगळं तिकडे. कंपनी सर्व्हर बंद करते तेव्हा आपल्या हातात उरतो तो नाटकाचा सेट आणि कपडेपट. संहिता गेलेली असते. गेम परत उभा करायचा म्हणजे सेटकडे बघून नाटक पुन्हा लिहायचं. गेम चालू असताना कुणी क्लायंट आणि सर्व्हरमधली संभाषणं, म्हणजे पॅकेट, पकडून ठेवली असतील तर त्यांवरून पुष्कळ अंदाज बांधता येतो. पण आपला गेम उद्या मरणार आहे असं समजून विशीतली पोरं पॅकेट साठवत नसतात.

ऐरोलीकर आमच्यातला खरा प्रोग्रामर. त्याने तीन आठवड्यांत एक खोटा सर्व्हर लिहिला. जुना क्लायंट त्याला बोलायला जायचा, ‘मी अमुक, माझा पासवर्ड तमुक’ म्हणायचा, आणि हा योग्य ते उत्तर देऊन त्याला फसवायचा. मे महिन्यातल्या एका रात्री दीड वाजता त्याने आम्हाला आत घेतलं. चौघं त्या गावाच्या चौकात उभे. कारंजं वाहत होतं. तीच बासरी वाजत होती. कळवेकर, जो आता एका बँकेत वसुलीचं काम करतो आणि ज्याच्या आवाजाला लोक घाबरतात, तो काहीच बोलेना. मग त्याने टाइप केलं, ‘पीठ’. बस एवढंच. आम्हाला कळलं.

मला वाटतं असे प्रकल्प त्या रात्रीच संपतात. बाकी जे घडतं ते नंतरचं दिवसकार्य.

कारण चौकात उभं राहणं हा या कामातला सोपा भाग आहे, आणि नेमका तोच सर्वात सुंदर आहे. तिथपर्यंतचं काम कोडं सोडवण्यासारखं असतं. आज एक कुलूप उघडलं, उद्या दुसरं. त्यानंतर सुरू होतं ते तलाठ्याचं काम. आमच्या गेममध्ये साडेतीनशेच्या वर क्वेस्ट, म्हणजे खेळाडूला सांगितलेल्या कामगिऱ्या, होत्या. प्रत्येकीत कोण काय बोलतं, काय मागतं, बदल्यात काय देतं. शेकडो प्रकारचे प्राणी, प्रत्येकाची ताकद, वेग, उगवण्याची जागा, मेल्यावर पुन्हा यायला लागणारी मिनिटं. हे सगळं तक्त्यांत भरायचं आणि प्रत्येक ओळ खेळून तपासायची. चौकात पोचायला आम्हाला तीन आठवडे लागले होते. पहिलं गाव पूर्ण व्हायला सात महिने लागले. गावं अकरा होती.

हे फक्त आमचंच नाही. ‘द मॅट्रिक्स ऑनलाइन’ नावाचा गेम २००५ मध्ये आला आणि २००९ मध्ये बंद झाला. चाहत्यांनी त्याचा सर्व्हर नव्याने लिहायला घेतला आणि त्यात त्या हिरवट शहरात वर्षानुवर्षं भटकता येत होतं. इमारतींवर उड्या मारा, काळा कोट घालून कोपऱ्यावर उभे राहा. मात्र ज्यासाठी लोक तिथे जायचे ती मूळची मारामारी तेवढी तिथे नव्हती. मी ते वाचलं तेव्हा हसलो होतो. नंतर आमच्या गावात आमचं कारंजं बघत उभा असताना हसू आलं नाही.

आणि जे यशस्वी झाले त्यांच्याकडे नीट पाहिलं तर बऱ्याचदा त्यांच्या हाती मूळ संहिताच लागलेली असते. ‘सिटी ऑफ हीरोज’ ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद झाला. लोकांनी निषेध केले, अर्ज केले, काही झालं नाही. मग २०१९ मध्ये उघड झालं की काही निवडक लोक गेली सहाएक वर्षं त्याचा सर्व्हर गुपचूप चालवत होते, खऱ्या कोडवर. बाकीचे चाहते खवळले. एवढी वर्षं आम्ही रडत होतो आणि तुम्ही आत बसून जेवत होतात! त्या गदारोळात कोड बाहेर आला, ‘होमकमिंग’ नावाचा सर्व्हर उभा राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने त्याला रीतसर परवानाही दिला. गोष्ट गोड आहे. पण यातून बाकीच्यांनी काय घ्यायचं? आमच्याकडे खरा कोड देणारं कुणी नव्हतं, गुपचूपही नाही.

लोकांचं म्हणाल तर तोटा नव्हता. चौकातला स्क्रीनशॉट आम्ही बाहेर टाकला आणि आठवड्याभरात तीनशे चाळीस माणसं गोळा झाली. नागपूर, बंगळुरू, एक जण तर मस्कतहून. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, ‘कधी चालू होणार?’ चाळीसेक जणांनी मदतीची तयारी दाखवली. त्यातल्या तिसांना गेम मास्टर व्हायचं होतं, म्हणजे चालू झालेल्या गेममधला हवालदार. लोगो सहा आले. त्यातले दोन खरंच चांगले होते. एकाने नियमावली लिहिली, शिवीगाळ केल्यास किती दिवसांची बंदी वगैरे, तेव्हा आत शिवी देण्यासाठीसुद्धा कुणी नव्हतं. तक्ते भरायला तिघं आले, त्यातला एक दोन आठवडे टिकला. त्या मुलाने किनाऱ्याच्या नकाशावरचे सगळे प्राणी एकट्याने भरले आणि मग त्याची परीक्षा आली. मी आजही त्याचा ऋणी आहे. तो एकोणीस वर्षांचा होता. मूळ गेम बंद पडला तेव्हा शाळेतही गेला नसेल. आठवणी नसलेल्या माणसाने आमच्यासाठी सर्वात जास्त काम केलं, हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

तो कासवाच्या ओळीपाशी आला, तेव्हा त्याने कवचाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकलं आणि ग्रुपवर विचारलं, ‘दादा, इथे काय टाकू?’

मुलुंडकर म्हणाला, एक टक्का. कळवेकर म्हणाला, वेड लागलंय का, शून्य पूर्णांक दोन टाक. तिथे ठिणगी पडली आणि धुमसत राहिली. पुढे प्रवास सुरू झाल्यावर आम्ही पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटलो ते ठाण्यातच, मिसळ खायला, आणि तिथे तिचा भडका उडाला.

मी मध्ये पडून गणित सांगायचा शहाणपणा केला. पाचशेत एकदा असा दर धरला आणि शंभर जणांनी प्रत्येकी पाचशे कासवं मारली, तर त्यांतल्या साधारण सदतीस जणांना एकही कवच मिळणार नाही आणि सव्वीसएक जणांना दोन किंवा जास्त मिळतील. म्हणजे दर एकच असून एकाला ते दुर्मीळ वाटेल, दुसऱ्याला रस्त्यावर पडलेलं. तेव्हा दोघंही खरं बोलत असाल. हे ऐकून दोघंही माझ्यावरच चिडले. आपली आठवण ही निव्वळ योगायोग होती, हे ऐकून घेणं माणसाला फार जड जातं.

मग कळवेकराने हिशोब मांडला. आठवड्याचे शंभर रुपये मिळायचे. त्यात पाच तास. तासाला फार तर पन्नास-साठ कासवं, कारण ती संथ उगवायची आणि बाकीचेही मारायला टपलेले असायचे. मे महिन्याची सुट्टी त्याची त्या किनाऱ्यावर गेली. घरी सांगायचा ग्रंथालयात जातो. जूनमध्ये पाऊस पडायच्या आत कवच मिळालं. ‘आणि हा म्हणतो एक टक्का,’ तो म्हणाला. मुलुंडकर शांतपणे म्हणाला, ‘मला एका रात्रीत दोन मिळाली होती.’ बरोबरच आहे. तो कॅफेत गप्पा मारायला यायचा आणि घरी जाऊन रात्रभर खेळायचा. त्याच्या तासाला मीटर नव्हतं.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की आम्ही आकड्यावर भांडत नव्हतोच. आकडा सर्व्हरवर होता आणि सर्व्हर गेला. आमच्याकडे उरलं होतं ते त्या कवचाची आम्हाला पडलेली किंमत, आणि ती प्रत्येकाच्या खिशाप्रमाणे वेगळी होती. एक टक्का लिहिला असता तर कळवेकराची एक अख्खी सुट्टी खोटी ठरत होती. शून्य पूर्णांक दोन लिहिला तर मुलुंडकर थापाड्या ठरत होता. ऐरोलीकर म्हणाला, ‘अरे, रकाना आहे तो, काहीतरी टाका, नंतर बदलता येतो.’ खरं होतं. पण नंतर बदलता येईल अशा गोष्टींवरच माणसं सर्वात जास्त अडून बसतात, हे ज्यांनी सोसायटीच्या सभा पाहिल्यात त्यांना सांगायला नको.

‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ या गेमचं उदाहरण मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! २००३ चा गेम. २००५ मध्ये कंपनीने आधी एप्रिलमध्ये त्याची लढाईची पद्धत बदलली आणि नोव्हेंबरमध्ये तर सगळा गेमच उलटापालटा केला. जुन्यांनी टाहो फोडला. गेम चालू असतानाच चाहत्यांनी पहिल्या बदलाच्या आधीचा गेम पुन्हा लिहायला घेतला आणि त्या कामात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पुढे २०११ च्या डिसेंबरमध्ये कंपनीचा सर्व्हर बंद झाल्यावर दुसऱ्या एका गटाने नोव्हेंबरनंतरचा गेम उभा केला. ज्या बदलाला पहिल्यांनी खून म्हटलं, त्यातच यांचं बालपण गेलेलं. एकाच नावाचा गेम, पण प्रत्येकाला हवं होतं वेगळं साल. मूळ गेम हवा असं सगळे म्हणतात. मूळ म्हणजे कुठला, तर मी होतो तेव्हाचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणपती मंडळ आहे. चाळीस-बेचाळीस वर्षं झाली असतील. तिथले कार्यकर्ते आमच्यापेक्षा शहाणे आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. दर वर्षी अध्यक्षपदावरून भांडण होतं, एकदा तर देखाव्याच्या विषयावरून खुर्च्या फेकल्या गेल्या. सगळी हौशी माणसं, कुणाला दमडी मिळत नाही, उलट पदरची जाते. तरी एकाही वर्षी गणपती बसला नाही असं झालेलं नाही. मी बरेच दिवस या कोड्यात होतो की यांचं चालतं आणि आमचं का अडतं. उत्तर पंचांगात होतं. त्यांना चतुर्थी आहे. देखावा अर्धवट असेल, कापडाचा डोंगर एका बाजूने कलला असेल, पण भटजी सकाळी येणार म्हणजे येणार. आणि दुसरी गोष्ट याहून मोठी: त्यांना विसर्जन आहे. दहा दिवसांनी सगळं तलावात, हिशोब वहीत, भांडणं पुढच्या वर्षीवर. कंटाळलेला माणूस तिथे सन्मानाने कंटाळू शकतो. आमच्याकडे ना बसवण्याची तारीख होती, ना उठवण्याची. ‘झाल्यावर चालू करू’ म्हणालो, आणि ‘झाल्यावर’ हा वार कुठल्याच कॅलेंडरात नाही.

आज मागे वळून वाटतं, एकच गाव घेऊन, कासवाच्या रकान्यात वाट्टेल तो आकडा टाकून, एखाद्या शनिवारी रात्री दहा ते सहा त्या तीनशे चाळिसांना आत सोडायला हवं होतं. कॅफेतल्या जुन्या, रात्रभर खेळायच्या नाइट पॅकसारखं. सकाळी बंद. मी हे तेव्हाही एकदा सुचवलं होतं. ऐरोलीकर म्हणाला, अर्धवट दाखवलं तर लोक हसतील. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौशी माणसाला लाज मात्र पगारी माणसाच्या दुप्पट असते.

ऐरोलीकराबद्दल मी रागाने लिहू शकत नाही. त्याच्याशिवाय कारंजं वाहिलंच नसतं. पण सगळा सर्व्हर त्याच्या एकट्याच्या लॅपटॉपवर आणि त्याहून जास्त त्याच्या डोक्यात होता. कोड उघडा ठेव, म्हणालो, तर तो म्हणाला, कुणीतरी उचलेल आणि पैसे घेऊन सर्व्हर चालवेल. भीती खोटी नव्हती. या दुनियेत असे चोर आहेत. पण रॅग्नारॉककडे बघा. त्याचा चाहत्यांनी लिहिलेला सर्व्हर जपानमध्ये ‘अथेना’ म्हणून सुरू झाला, त्यातून ‘ई-अथेना’, त्यातून ‘आर-अथेना’, त्यातून फुटून ‘हर्क्युलिस’. भांडणं झाली, माणसं गेली, पण कोड उघडा होता, म्हणून जाणारा पडून राहिलेलं मागे ठेवून गेला आणि येणाऱ्याने ते उचललं. चोऱ्याही झाल्याच असतील. झाल्या तर झाल्या. आमचा कोड कुणीच चोरला नाही, इतका तो सुरक्षित होता.

२०२२ मध्ये त्याला मुलगी झाली. त्याआधी नोकरी बदलली होती, घरून काम संपलं होतं. गंमत बघा, रबाळे-महापे पट्ट्यात त्या बिनखिडक्यांच्या डेटा सेंटरच्या इमारतींमधून तो रोज जायचा. आमचा भाड्याचा सर्व्हरही बहुधा त्यातल्याच कुठल्यातरी मजल्यावर घरघरत होता. महिन्याला अठराशे रुपये तोच भरायचा. आम्ही वाटणीचं म्हणायचो, तो ‘असू दे रे’ म्हणायचा. लोकांकडून देणग्या घ्याव्यात असं मुलुंडकराने एकदा सुचवलं. मी नको म्हणालो. पैसे घेतले की लोक जाब विचारतात, आणि कंपनीचे वकीलही. मग एका महिन्यात ते अठराशे भरायचे राहिले. त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. एके दिवशी पाहिलं तर चौक उघडत नव्हता.

वकिलांवरून आठवलं. या विषयावर बोलणारे बहुतेक जण सगळा दोष नोटिशींवर टाकतात, आणि नोटिसा येतातच. ‘नॉस्टॅल्रियस’ हा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा जुन्या रूपातला चाहत्यांचा सर्व्हर १० एप्रिल २०१६ ला नोटीस आल्यामुळे बंद झाला. त्यांच्याच सांगण्यानुसार आठ लाख खाती होती. ‘क्लब पेंग्विन’ या लहान मुलांच्या गेमची चाहत्यांनी चालवलेली आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा लंडन पोलिसांनी तिघांना अटक केली होती. तेव्हा भीती खरी आहे. पण ज्यांना नोटीस येते ते चालू असतात, हेही लक्षात घ्या. शेवटच्या रात्री लोक जमतात, शेकोटी करतात, रडतात, चित्रं काढून ठेवतात. तेही एक विसर्जनच. आम्हाला कुणी नोटीस पाठवली नाही. पाठवण्याइतके आम्ही कुणाला दिसलोच नाही. खरं सांगू? २०२३ च्या सुमारास मी मनातून एका नोटिशीची वाट बघत होतो.

युरोपात आता ‘स्टॉप किलिंग गेम्स’ म्हणून मोहीम चालू आहे. ३१ मार्च २०२४ ला ‘द क्रू’ हा मोटारींचा गेम बंद झाला, लोकांनी पैसे देऊन घेतलेला, आणि त्यावरून ती पेटली. कंपनीने गेम बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जावा, एवढी साधी मागणी. २०२५ मध्ये दहा लाखांवर सह्या झाल्या. मागणी रास्तच आहे, घर सोडताना किल्ली ठेवून जा म्हणण्यासारखी. आमच्या गेमला तिचा उपयोग नाही. आमची किल्ली कुणाकडे मागायची तेच माहीत नाही.

त्या ‘वॉरक्राफ्ट’ची एक गोष्ट मात्र मनात राहते. २०१३ मध्ये कंपनीच्या मेळाव्यात कुणीतरी विचारलं की जुन्या काळचा सर्व्हर तुम्हीच का काढत नाही? व्यासपीठावरचे जे. ॲलन ब्रॅक म्हणाले की तुम्हाला वाटतं ते हवंय, पण तुम्हाला ते नकोय. लोक त्यांना वर्षानुवर्षं हे वाक्य ऐकवत राहिले, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने तोच जुना गेम काढला तेव्हा लोकांनी तासन्‌तास रांगा लावल्या. तेव्हा ब्रॅक चुकले हे मान्य. पण आमच्यापुरतं विचारलं तर? कळवेकराला आज कासवं मारत तासन्‌तास बसायचं होतं का? तो मला म्हणाला होता, ‘मला खेळायचं नाहीये रे. ते कुठेतरी चालू आहे एवढं माहीत असायला हवंय.’ यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

यंदा होळीच्या आसपास काकांचा फोन आला. गिरणीची इमारत पाडणार, पुनर्विकास. काका आता सत्तरीचे. कॅफेच्या जागी आधी झेरॉक्स, मग मोबाइलची कव्हरं, मग नुसतं गोडाऊन. ‘माळ्यावर तुमचे डबे पडलेत, भंगारवाल्याला देऊ की तुम्ही नेता?’ तुमचे म्हणाले. मी आणि कळवेकर गेलो. पाच केसिंग, धूळ आणि तिच्याखाली, शपथेवर सांगतो, पीठ. हार्डडिस्क काढून आणल्या. दोन मेलेल्या, दोन रिकाम्या. पाचवी नऊ नंबरच्या मशीनची, खिडकीशेजारची, कळवेकराची नेहमीची जागा. ती चालू झाली.

त्यात गेमचं फोल्डर होतं आणि त्यात आम्हाला कधीच माहीत नसलेलं एक उपफोल्डर. क्लायंट गपचूप प्रत्येक दिवसाचं चॅट साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवत होता. अठ्ठ्याऐंशी फायली, सगळ्या २००६ च्या. बहुतेक ओळी गेमबद्दल नाहीतच. लाइट जाणार आहे. काका ओरडतायत. उद्या व्हायवा आहे. आईला सांगू नको. कोणीतरी चिवडा आणलाय, नऊ नंबरला पाठवा. आणि या सगळ्याच्या मध्ये, गेमने स्वतः टाकलेल्या रुक्ष ओळी: कासव मारलं. चिखल मिळाला. कासव मारलं. चार नाणी मिळाली. कासव मारलं.

मी ऐरोलीकराला मेसेज केला की असं असं सापडलंय, कोड अजून आहे का? दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. मुलुंडकरालाही कळवलं, त्याने अंगठा पाठवला.

परवा रात्री साडेअकराला कळवेकराचा फोन आला. मागून त्याच्या घरातला पंखा कुरकुरत होता.

‘सात फायली झाल्या,’ तो म्हणाला. ‘सहाशे बारा कासवं. कवचं तीन.’

मी मनातल्या मनात भागाकार केला. ‘सात फायलींवरून काही सिद्ध होत नाही,’ म्हटलं.

‘माहितीये रे. अजून एक्क्याऐंशी आहेत. पेन घेतलंस का?’